शेतातून ताटात : हॉटेलचे स्वयंपाकघर आणि यवतमाळचे वावर

माल कोणत्या गावचा, कोणी पिकवला आणि कोणत्या हंगामातला, हे ग्राहकाला सांगून तो शेतातून थेट आणून वाढणे, ही शहरातील उंची हॉटेलांनी स्वीकारलेली एक पद्धत आहे. तिची सुरुवात साधारणपणे १९७१ साली ॲलिस वॉटर्स यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे उघडलेल्या ‘शे पानीस’ या उपाहारगृहापासून मानली जाते. इटलीत कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झालेल्या ‘स्लो फूड’ चळवळीने तिला वैचारिक बैठक दिली. मुंबईत कुलाब्याच्या ‘द टेबल’ने अलिबाग परिसरात स्वतःचे शेत केले आणि तिथली भाजी ताटात आणली. या पद्धतीचे सर्वांत खर्चिक रूप म्हणजे स्टेकहाउस. तिथे जनावराची जात, त्याचा चारा, त्याचे वय आणि मांस किती दिवस थंडीत मुरवले, हे सारे विचारले जाते आणि सांगितलेही जाते.

विदर्भात या पद्धतीचा विचार करताना नागपूरचे हॉटेल आणि यवतमाळचे शेत ही जोडी स्वाभाविकपणे समोर येते. दोन्ही शहरांत सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आहे आणि कळंब-वर्धा मार्गाने चांगला रस्ता आहे. यवतमाळ जिल्हा सोळा तालुक्यांचा, सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. शेती बहुतांशी कोरडवाहू आणि कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला कापूस बाहेर नेण्यासाठी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे यवतमाळपर्यंत आली. तेव्हापासून जिल्ह्याचा मुख्य माल दूरच्या बाजारासाठी पिकतो आणि त्याचा भाव दूरच ठरतो. हॉटेलचे ताट हा असाच आणखी एक दूरचा बाजार ठरेल, की शेतकऱ्याशी वेगळ्या रीतीने व्यवहार करेल, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पुढील संवादातील दोन्ही वक्ते प्रातिनिधिक आहेत. एक नागपूरच्या मोठ्या हॉटेलातील मुख्य शेफ. दुसरी यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकार महिला. तिच्याकडे कोरडवाहू वावर आणि काही बकऱ्या आहेत आणि गावातील महिला उत्पादक गटाचे काम ती पाहते.

मांस : कायदा, जनावर आणि शिजवण्याची रीत

शेफ : काकू, स्टेक म्हणजे जाड कापलेला मांसाचा तुकडा, कडक आचेवर थोडाच वेळ भाजलेला. आतले तापमान पंचावन्न अंशांच्या आसपास राहिले की मधला भाग गुलाबी आणि रसदार राहतो. बाहेरची बाजू एकशे चाळीस अंशांच्या पुढे गेली की तिच्यावर खरपूस कवच येते. जनावर कोवळे, चांगले पोसलेले आणि कमी राबलेले असेल तरच हे जमते.

कास्तकार : भाऊ, आमच्याकडचे मोठे जनावर राबण्यासाठीच असते. बैल वखराला, डवरणीला, बंडीला जुंपतो. म्हातारा झाला की पूर्वी त्याला बाजारात नेऊन त्या पैशांत भर घालून नवी जोडी आणता यायची. ती वाट बंद झाली. आता म्हाताऱ्या बैलाचे कुटार-पाणी शेवटपर्यंत घरालाच पाहावे लागते.

दोघांच्या बोलण्यामागे एक कायदा आहे. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा. त्याने गायीच्या कत्तलीस बंदी केली. मार्च २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही बंदी वळू आणि बैलांनाही लागू केली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हशीच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यानंतर परवानगी आहे. त्यामुळे राज्यातील स्टेकहाउसमध्ये मोठ्या जनावराचे मांस असले तर ते प्रामुख्याने म्हशीचे असते. दूध आटलेली म्हैस वयस्क असते, तिच्या मांसाचे तंतू जाड असतात आणि ते भाजून मऊ करणे कठीण जाते. विदर्भातल्या शेताशी थेट जोडलेले मांस हवे असेल, तर विचार बोकडाचाच करावा लागतो.

शेफ : म्हणूनच मी तुमच्याकडे आलो. वऱ्हाडातली बेरारी जातीची बकरी बाभूळ, बोर, कडुलिंब यांच्या पाल्यावर वाढते. त्या चाऱ्याचा स्वाद मांसात उतरतो. मात्र तिच्यात चरबी कमी असते, म्हणून वर्षाच्या आतला बोकड हवा. कापल्यावर मांस एक-दोन दिवस शून्य ते चार अंशांत टांगून ठेवले की त्यातली एन्झाइम्स तंतू सैल करतात.

कास्तकार : आमच्याकडे सकाळी कापलेला बोकड दुपारच्या जेवणाला लागतो. मटण मंद आचेवर चुलीवर रटरटत ठेवायचे. हाड सुटायला आले की झाले. नागपूरचे सावजी लोकही तसेच करतात. मांस थंडीत टांगायची गरज आम्हाला कधी पडली नाही.

या दोन रीती एकाच अडचणीवरचे दोन उपाय आहेत. जनावर कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठ होतात. थंडीत मुरवलेले मांस हळूहळू पुन्हा सैल होते आणि झटपट भाजण्यायोग्य बनते. दीर्घकाळ शिजवण्याच्या रीतीत स्नायूंना बांधणारे कोलॅजन सत्तर अंशांच्या पुढे काही तासांत विरघळून रश्श्याला दाटपणा देते. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातून पुढे आलेल्या सावजी रश्श्यात खसखस, सुके खोबरे, दगडफूल यांचे वाटण पडते; जवसाचे तेल हे त्याचे पारंपरिक माध्यम. चाप आणि पाठीचा भाग आगीवर उत्तम होतो, तर मांडी, फरा आणि मान रश्श्यात. एकाच बोकडाला दोन्ही रीती लागतात, आणि खरेदीचा प्रश्न इथेच सुरू होतो.

कास्तकार : तुम्ही चाप न्याल. मग मुंडी, पाय, वजडी, फरा कोण घेणार? गावातला खाटीक म्हणेल, चांगला भाग शहरात गेला, उरलेल्याला भाव कमी.

शेफ : हिशोब मांडून पाहू. चोवीस किलोच्या बोकडाचे सोललेले मांस-हाड अकरा-बारा किलो भरते. त्यात चाप आणि पाठ मिळून अडीच-तीन किलो. एका शनिवार-रविवारी अडीचशे ग्रॅमची शंभर ताटे वाढायची, तर पंचवीस किलो चाप लागतो. म्हणजे आठ ते दहा बोकड.

कास्तकार : पाच-सात बकऱ्या पाळणारी बाई वर्षाला दोन-चार बोकड विकते. तुमच्या एका आठवड्यासाठी तीन-चार घरांचे वर्ष लागेल.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, एका कुटुंबाकडून असा पुरवठा होऊ शकत नाही. अनेक गावांचा गट हवा आणि प्रत्येक महिन्याला कोणत्या घरचा बोकड तयार होईल याची नोंद हवी. दुसरा, हॉटेलने अख्खे जनावर विकत घेतले पाहिजे आणि आपली भोजनपत्रिका त्यानुसार बेतली पाहिजे. मांडी मंद भाजून, फऱ्याचा खिमा, हाडांचा रस्सा, कलेजी निखाऱ्यावर आणि पायांचे सूप असे पदार्थ ठेवले तर चापाची ताटे कमी होतात, पण जनावराचा एकही भाग गावावर पडत नाही. कत्तल परवानाधारक कत्तलखान्यातच आणि पशुवैद्यकाच्या तपासणीनंतरच व्हावी लागते. म्हणून जिवंत बोकड गटाकडून वजनावर घ्यायचा आणि पुढची जबाबदारी हॉटेलने पेलायची, ही विभागणी सोयीची ठरते.

वावरात ताटाजोगे काय आहे

शेफ : मांस ताटाचा एक भाग झाला. उरलेल्या ताटासाठी भाजी, डाळ, धान्य, तेलही तुमच्याच भागातले हवे. दर आठवड्याला काय देऊ शकाल?

कास्तकार : खरिपात वावर पऱ्हाटी आणि सोयाबीनने भरलेले असते. त्यातली तूरच तेवढी थेट खायची. माझ्या सासूच्या काळी कपाशीच्या ओळींमध्ये ज्वारी, मूग, उडीद, तीळ, अंबाडी असायची. घरचे खाणे वावरातून यायचे. आता भाकरीची ज्वारीही दुकानातून आणतो.

यवतमाळच्या शेतातून ज्वारी मागे पडण्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. सोयाबीन कमी दिवसांत हाती येते आणि रोख पैसा देते. ज्वारीच्या कणसांवर पाखरांचा आणि उभ्या पिकावर रानडुकरांचा, रोह्यांचा (नीलगायींचा) त्रास होतो. राखण करायला माणूस लागतो. स्वस्त धान्य दुकानात गहू-तांदूळ मिळू लागल्यावर भाकरीची सवयही कमी झाली. परिणामी, शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात खाद्यपिकांची विविधता आक्रसली. ‘शेतातून ताटात’ या कल्पनेपुढची इथली पहिली अडचण हीच आहे.

शेफ : मग मागणी मी सहा महिने आधी कळवली तर? दोन एकरांत मिश्र पीक घ्या, त्यातली ज्वारी, मूग, जवस, अंबाडी मी घेतो.

कास्तकार : तसे सांगितले तर होईल. पण ताट हंगामाप्रमाणे बदलावे लागेल. पावसाळ्यात काटवल, तरोटा, अंबाडी. हिवाळ्यात तुरीचे सोले, हुरडा, वांगी. उन्हाळ्यात चिवळ, वाळवलेले सांडगे. जुलैमध्ये सोले मागाल तर कुठून आणू?

शेफ : नाही मागणार. सोलेभात डिसेंबर-जानेवारीत, काटवल पावसाळ्यात. बारा महिने एकच पत्रिका ठेवण्याची सवय मलाही मोडावी लागेल.

झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील जंगलपट्टीतून रानभाज्या, मोहफूल, चारोळी आणि बांबूचे कोवळे वास्ते मिळतात. इथे कोलाम आणि गोंड समाजांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान उपयोगी पडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर स्थानिक वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. म्हणून हॉटेलने हा माल आडतीकडून न घेता ग्रामसभेमार्फत घ्यावा, म्हणजे मोबदला गोळा करणाऱ्यांपर्यंत पोचतो. किती तोडावे याचा निर्णयही गावाकडे राहिला पाहिजे. शहराच्या हौसेसाठी बांबूचे सगळे कोंब काढले गेले तर पुढल्या वर्षी बेट वाढत नाही.

भाव : हमीदर आणि ताटाची किंमत

कास्तकार : तुमच्या पत्रिकेत डाळीची किंमत काय आणि त्यातले मला किती मिळतात?

२०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता, म्हणजे किलोला ८० रुपये. एका माणसाच्या वाटीला पन्नास ग्रॅम डाळ लागते. गिरणीत तुरीची डाळ साधारण सत्तर टक्के उतरते असे धरले तर त्या वाटीमागे सत्तर-बहात्तर ग्रॅम तूर आली. तिची किंमत हमीभावाने साडेपाच ते सहा रुपये होते. मोठ्या हॉटेलात तीच वाटी शेकडो रुपयांना वाढली जाते.

शेफ : हा फरक पूर्ण नफा नसतो, काकू. उपाहारगृहात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहावा असा दंडक असतो. उरलेल्यात जागा, वीज, गॅस, चाळीस-पन्नास माणसांचे पगार, वाया जाणारा माल. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला साडेसात हजारांच्या वर जाते, तिथल्या जेवणावर अठरा टक्के जीएसटी लागतो.

कास्तकार : तुमचा खर्च मी समजते. पण माझाही खर्च आहे. बियाणे, खत, निंदणीची मजुरी, आणि पाऊस दगा देईल तो वेगळा. तुमच्या पत्रिकेत माझ्या गावाचे नाव लिहून ताटाची किंमत वाढत असेल, तर त्या वाढीतला वाटा मला का नसावा?

हा प्रश्न न्याय्य आहे. एका वाटीमागे शेतकऱ्याला सहाऐवजी दहा रुपये दिले तर हॉटेलच्या हिशोबात त्याने फारसा फरक पडत नाही. शेतकऱ्याच्या उत्पन्नात मात्र ही वाढ दोन-तृतीयांशांची होते. म्हणून अशा करारात खरेदीदर हमीभावाला बांधून त्यावर ठरावीक टक्केवारी देणे योग्य. २०१६ पासून राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्याने भाजी थेट शेतकऱ्याकडून घेण्याची वाट मोकळी आहे. कंपनी कायद्यातील २००३ पासूनच्या तरतुदीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. अशी कंपनी असली तर तुरीची डाळ गावातच भरडली जाते आणि कुटार, चुणी जनावरांसाठी गावातच राहते.

विष आणि विश्वास

शेफ : ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, फवारणी झाली आहे का? त्याला खात्रीचे उत्तर द्यायचे आहे.

कास्तकार : तुमच्या ग्राहकाच्या आधी तो प्रश्न आमच्या घरात विचारला गेला, भाऊ. फवारणीला गेलेला माणूस दवाखान्यात गेला आणि परत आला नाही, अशी घरे या जिल्ह्यात आहेत.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, बोंडअळीचा उपद्रव मोठा होता आणि फवारा तोंडासमोर उडत होता. हातमोजे, मुखपट्टी यांचा वापर नगण्य होता. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली. विषमुक्त शेतीचा विचार इथे शहरी ग्राहकाच्या आरोग्यापुरता मर्यादित ठेवता येत नाही. फवारणाऱ्याचा जीव ही त्यातली पहिली बाब आहे.

याच जिल्ह्यात या प्रश्नावर दीर्घकाळ काम झालेले आहे. नैसर्गिक शेतीचे प्रयोग करणारे यवतमाळचे सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये हाच सन्मान मिळाला होता. राज्य सरकारने २०१८ मध्ये विदर्भातील शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेती मिशन सुरू केले. त्यात यवतमाळ आहे. प्रमाणीकरणासाठी दोन मार्ग आहेत. एका मार्गात त्रयस्थ संस्था तपासणी करते. दुसऱ्या, म्हणजे सहभागी हमी पद्धतीत गटातले शेतकरी एकमेकांच्या वावराची तपासणी करतात. देशांतर्गत विक्रीसाठी ही पद्धत लहान शेतकऱ्याला परवडते.

कास्तकार : रासायनिक खत-औषध सोडले की पहिली दोन-तीन वर्षे उतारा कमी येतो. प्रमाणपत्र त्यानंतर हाती पडते. तोवर माल साध्या भावाने विकायचा आणि तूटही सोसायची. लोक इथेच माघार घेतात.

शेफ : त्या वर्षांचा माल ‘संक्रमणातील शेतीचा’ असे स्पष्ट सांगून मी वाढीव दराने घेऊ शकतो. ग्राहकाला खरे सांगितले तर तो समजून घेतो.

जोखीम कोणाची

कास्तकार : समजा गटातल्या वीस बायांनी तुमच्यासाठी पीक बदलले आणि हॉटेलने मागणी थांबवली, तर? मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे हॉटेले एका आठवड्यात बंद झाली. वावरातली भाजी थांबत नाही.

शेफ : माझ्या बाजूनेही अडचण असते. शनिवारी शंभर ताटांची नोंद असते आणि गाडी येत नाही. ग्राहकाला पाऊस पडला असे सांगता येत नाही.

दोन्ही भीती खऱ्या आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. माल न आल्यास हॉटेल एक पदार्थ पत्रिकेतून काढते. खरेदी थांबल्यास कुटुंबाचा एक हंगाम जातो. बकऱ्या चारणाऱ्या माणसाची जोखीम याहून मोठी. याच जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत अनेक माणसे मारली गेली. त्यांत गुरे-बकऱ्यांमागे रानात गेलेली माणसेही होती. ज्याच्या वाट्याला जास्त धोका, त्याच्या वाट्याला जास्त सुरक्षितता यावी, हे करारात लेखी उतरले पाहिजे. पेरणीआधी ठरलेला किमान दर, उचलण्याचे किमान प्रमाण, आठ दिवसांत पैसे, ऐनवेळी मागणी रद्द केल्यास भरपाई आणि शीतवाहनाचा खर्च हॉटेलकडे, अशी कलमे त्यात हवीत. बाईच्या नावावर सातबारा नसला तरी पैसे काम करणाऱ्या बाईच्याच खात्यात जावेत, हेही त्यात नमूद करावे.

कास्तकार : तरी सगळे वावर मी एका गिऱ्हाइकावर लावणार नाही. दहा एकरांतले दोन एकर. उरलेल्यात कापूस, तूर राहील. आणि हीच ज्वारी, हाच मूग आमच्या अंगणवाडीच्या आणि शाळेच्या खिचडीत आधी पोचावा असे मला वाटते.

शेफ : त्याला माझा विरोध नाही. हॉटेलची गरज लहानच असते. ती जिल्ह्याची शेती बदलू शकत नाही. पण चांगल्या दराने नियमित घेणारा एक ग्राहक असला तर गटाला शीतकपाट, डाळमिल, वजनकाटा यांचा खर्च काढता येतो. तीच साधने शाळेच्या मालालाही उपयोगी पडतील.

मतैक्य आणि मतभेद

दोन्ही बाजू चार मुद्द्यांवर एकत्र येतात. जनावर अख्खे घ्यावे. पत्रिका हंगामाने ठरवावी. दर पेरणीआधी आणि हमीभावाच्या वर ठरावा. नैसर्गिक शेतीकडे वळणाऱ्या पहिल्या वर्षांत हॉटेलने तुटीचा वाटा उचलावा. यांपैकी एकही अट न पाळता पत्रिकेवर केवळ गावाचे नाव छापणे ही ग्राहक आणि शेतकरी दोघांची फसवणूक ठरते.

मतभेद प्राधान्याबद्दल आहे. शेफच्या मते उत्तम चव आणि त्यासाठी मोजली जाणारी किंमत हीच शेतातल्या विविधतेला परत आणणारी शक्ती आहे. मागणी नसेल तर ज्वारी, जवस आणि अंबाडी कोणी पेरणार नाही. कास्तकाराच्या मते पिकवणाऱ्याचे घर आधी सकस जेवले पाहिजे. शहराच्या ताटाचा क्रम त्यानंतर येतो. यवतमाळच्या परिस्थितीत दुसऱ्या मताचे पारडे जड आहे, कारण इथल्या शेताने शंभराहून अधिक वर्षे दूरच्या बाजारासाठी पिकवले आणि त्या बाजारातील चढउतारांची किंमत एकट्याने मोजली. हॉटेलचे ताट या जिल्ह्यासाठी हितकारक ठरण्याची कसोटी म्हणून एकच ठेवता येते : वाईट वर्षात हॉटेल करार पाळते का. चांगल्या वर्षात माल घ्यायला अनेक गिऱ्हाइके पुढे येतात. पाऊस हुकलेल्या हंगामात ठरलेला दर देणारे आणि पुढल्या पेरणीची मागणी आगाऊ नोंदवणारे गिऱ्हाईकच कास्तकाराचा भागीदार म्हणवून घेऊ शकते.